महिला शिबिरात नुसतं हिमोग्लोबिन बघून लाल गोळ्या वाटायच्या का? रक्तक्षय, सिकलसेल आणि हृदय (शहादा-तळोदा पट्टा)

तापीकाठची
मंडळी, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. त्याच्या आत नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यात बायकांचं एक तपासणी शिबिर घ्यायचं चाललंय. दीडशेच्या आसपास बाया येतील. वरच्या पाड्यांवरच्या पावरा आणि भिल्ल, खालच्या गावांतल्या गुजर आणि मराठा, थोडी मुस्लिम घरं, बाजाराच्या गावातली सिंधी-मारवाडी कुटुंबं. वय १८ ते ६०. हाताशी एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक लॅब टेक्निशियन आणि गावच्या आशाताई. ईसीजी मशीन मिळेल, इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सोय नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. त्यामुळे निम्म्या बायांचं हिमोग्लोबिन कमी येणार हे धरूनच चाललोय. पुढे काय, हा प्रश्न आहे. सगळ्यांना सरसकट लाल गोळी द्यायची का? सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) कोणाचं तपासायचं? आणि 'दम लागस, जीव घाबरस' म्हणणाऱ्या बाईत रक्त कमी की हृदयाचं दुखणं, हे शिबिरातल्या टेबलावर कसं ओळखायचं? जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं.

लॅबवाला_दोंडाईचा
ताई, आधी मोजणी नीट करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हिमोग्लोबिन मोजायची जुनी साहलीची नळी नको. तिच्यात रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो आणि मांडवातल्या उजेडात दोन माणसं एकाच रक्ताचे दोन आकडे सांगतात. डिजिटल मीटर घ्या.

बोट टोचताना चुका ठरलेल्या असतात. स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं. मधलं बोट किंवा अनामिका घ्यायची आणि टोकाच्या मधोमध न टोचता थोडं बाजूला टोचायचं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्तात ऊतींचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. त्यापेक्षा हात खाली लोंबकळत ठेवा, गार असेल तर कोमट पाण्यात धरायला सांगा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने त्या खराब होतात. डबी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर त्या दिवसाचे आकडे विसरा. दर विसाव्या बाईचं शिरेतलं रक्त काढून सेल काउंटरवर ताडून बघा. अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक एकाच बाजूला दिसत राहिला तर मीटर किंवा हात, दोन्हीपैकी एक चुकतंय.

रेषा अशा: गरोदर नसलेल्या बाईला १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. गरोदरपणात ११ ची रेष आणि ७ च्या खाली तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मधल्या तिमाहीसाठी ही रेष १०.५ वर आणली, कारण त्या काळात रक्तातलं पाणी वाढून हिमोग्लोबिन आपोआप पातळ दिसतं.

११ च्या खालच्या प्रत्येकीचं जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिली रक्त घ्या. नळी आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा, जोरात हलवू नका, नाहीतर पेशी फुटतात. सीबीसीमध्ये (यंत्रावरच्या रक्तपेशींच्या मोजणीत) चार आकडे बघायचे: हिमोग्लोबिन, एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार, आरडीडब्ल्यू म्हणजे आकारातली तफावत, आणि लाल पेशींची संख्या. पेशी लहान, तफावत मोठी, संख्या कमी असेल तर बहुधा लोह कमी. पेशी खूप लहान पण संख्या ५० लाखांच्या वर असेल तर थॅलेसेमियाच्या (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) वाहकाचा संशय घ्या. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागून १३ पेक्षा कमी आलं तर संशय वाढतो. पण हा नुसता इशारा. लोहही कमी आणि थॅलेसेमियाही, अशी जोडी असली की हे गणित हमखास फसतं.

सातपुडा_स्क्रीनिंग
सिकलसेलचं मी लिहितो.

महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांच्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान यांच्यात सिकलसेलच्या दोषाचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या टप्प्यात आढळलेलं आहे. यातले बहुतेक वाहक, म्हणजे एएस (दोष एकाच पालकाकडून आलेला). त्यांना त्रास सहसा नसतो आणि त्यांचं हिमोग्लोबिन सिकलसेलमुळे फारसं कमी होत नाही. इथंच बऱ्याच ठिकाणी गल्लत होते. एएस बाईचं हिमोग्लोबिन ८ आलं की 'सिकलसेल आहे ना, म्हणून' असं म्हणून सोडून देतात. एएसमुळे ८ होत नाही. तिला लोहाची कमतरता आहे, तिला गोळी हवीच. एसएस (दोष दोन्ही पालकांकडून आलेला) म्हणजे रुग्ण असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन मात्र कायमच ७ ते ९ च्या आसपास असतं. तिथे फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी) न बघता महिनोन्महिने लोह देऊ नका. तिच्या पेशी सतत फुटत असतात, त्यातलं लोह अंगातच राहतं, आणि रक्त चढवलेलं असेल तर आणखी साठतं. जादा लोह यकृतात आणि हृदयाच्या स्नायूत बसतं. फॉलिक ॲसिड तिला रोज द्यायचं.

सिकलसेल चाळून काढायची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे. २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, पाच मिनिटांनी नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रेषा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली असेल तर हीच चाचणी खोटी निगेटिव्ह येते, कारण त्या थेंबात सिकल हिमोग्लोबिनच पुरेसं नसतं. तिथे रक्त दुप्पट घ्यायचं. म्हणजे जिला सर्वात जास्त गरज तिचीच चाचणी चुकण्याची शक्यता, हे लक्षात ठेवा. शिवाय या चाचणीत एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत, थॅलेसेमिया तर दिसतच नाही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तुमच्या गावातल्या बऱ्याच बायांकडे आधीचं कार्ड असेल, ते आणायला आशांना सांगा. एकाच बाईची तीनदा सोल्युबिलिटी करण्यात अर्थ नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांचं रक्त एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या चाचणीला) पाठवा. नमुना २ ते ८ अंशांत ठेवला तर काही दिवस टिकतो, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका.

गिरणाकाठ
मला एक खटकतंय. नोंदणीच्या अर्जावर समाजाचं नाव विचारायचं आणि त्यावरून ठरवायचं की हिची सिकलसेल करा, तिची नको? वरच्या पाड्यातल्या बाईला सगळ्यांसमोर 'तुमच्यात हे असतं' असं ऐकवलं जाणार. लग्नाच्या पोरींना तर याचा फार त्रास होतो.

सातपुडा_स्क्रीनिंग
भाऊ, आक्षेप रास्त आहे, आणि वैद्यकाच्या बाजूनेही तो बरोबर आहे. समाजावरून शक्यता कळते, निदान होत नाही. सिकलसेल आदिवासींपुरतं मर्यादित नाही, अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांतही सापडतं. बीटा थॅलेसेमियाचं वाहकपण सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जास्त दिसतं, म्हणून मराठा किंवा भिल्ल बाईत ते नसेलच असं नाही. अल्फा थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार आदिवासी भागात बऱ्यापैकी आहे. त्यात पेशी लहान दिसतात, एचपीएलसी साफ येतं, आणि लोह देऊनही पेशींचा आकार बदलत नाही.

म्हणून मी असं सुचवेन: समाज विचारू नका. ११ च्या खालच्या सगळ्यांची सोल्युबिलिटी करा. १८ ते ४० वयाच्या, अजून मुलं व्हायची असलेल्या सगळ्यांचीही करा, मग हिमोग्लोबिन १३ का असेना. निकाल पडद्यामागे, एकटीला सांगायचा. नवराबायको दोघे एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के, निर्दोष २५ टक्के. हे प्रत्येक वेळी नव्याने लागू होतं. 'पहिलं झालं, आता तीन चांगली होतील' असं कुणी समजावत असेल तर थांबवा.

फिजिशियन_धुळे
आता हृदय. रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी झाली की शरीर दोन गोष्टी करतं. ठोके वाढवतं आणि दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. महिने-वर्षं हे चाललं की डावा कप्पा ताणतो, जाड होतो. हिमोग्लोबिन हळूहळू ६ वर आलेली बाई शेतात निंदणी करत असते आणि 'मला काही होत नाही' म्हणते, कारण शरीराने जुळवून घेतलेलं असतं. त्या जुळवणुकीवर ताप, बाळंतपण किंवा घाईघाईत चढवलेलं रक्त असा एक जादा भार पडला की हृदय निकामी होतं. रक्तक्षय एकटा असा घात क्वचित करतो, त्याला सोबत लागते. आपल्याकडे ही सोबत तीन प्रकारची: संधिवाताच्या तापाने आधीच खराब झालेली झडप, उच्च रक्तदाब, आणि चाळिशीनंतर रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी.

टेबलावर काय बघायचं? बाईला पाच मिनिटं बसवा, मगच नाडी मोजा, पूर्ण एक मिनिट. १०० च्या वर असेल तर नोंदवा. श्वास मिनिटाला किती तेही मोजा. मग तीन प्रश्न: सपाट झोपता येतं की उशा लावाव्या लागतात? रात्री दम लागून उठून बसता का? संध्याकाळी पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहतो का? नुसत्या रक्तक्षयात चालताना दम लागतो आणि बसलं की दोन मिनिटांत कमी होतो. झोपल्यावर वाढणारा दम हा हृदयाचा समजा आणि त्याच दिवशी पुढे पाठवा, मग हिमोग्लोबिन ९ असो की ५. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आणि बसल्या जागी दम, हीसुद्धा त्याच दिवशीची केस.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्यात असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय एवढंच कळतं. हिमोग्लोबिन ४ असलं तरी आकडा ९८ दिसतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र थोडा जास्तच आकडा दाखवतं, शिवाय नखांना मेंदी असेल तर गोंधळ. फिकेपणाही तळहातापेक्षा खालच्या पापणीच्या आत बघा.

रक्तदाब घेताना पट्टा दंडाला शोभेल असा हवा. पाड्यावरच्या काटक बाईच्या बारीक दंडावर मोठ्यांचा नेहमीचा पट्टा खोटा कमी आकडा देतो. स्थूल दंडावर तोच पट्टा खोटा जास्त. दोन्ही आकाराचे पट्टे न्या.

स्टेथोस्कोपने हृदयाचा मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा सुसाट आवाज) ऐकू आला तर घाबरू नका आणि सोडूनही देऊ नका. पातळ रक्त जोरात वाहिल्याने मर्मर येतो आणि हिमोग्लोबिन वाढलं की जातो. पण तो जर ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत येत असेल, किंवा हिमोग्लोबिन ११ वर जाऊनही राहिला, तर इको हवाच. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय किंवा नंदुरबारचं शासकीय महाविद्यालय, जिथे जाणं सोपं तिथे चिठ्ठी द्या. झडपेचा आजार गरोदरपणाच्या २८ ते ३४ आठवड्यांत उघडा पडतो, कारण तेव्हा अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हा प्रश्न बाईला आवर्जून विचारा.

आणखी एक. बाईचा हार्ट अटॅक नेहमी छातीत डाव्या बाजूला दुखून येत नाही. जबडा, पाठीचा वरचा भाग, पोटाच्या वर जळजळ, मळमळ, दरदरून घाम, अचानक आलेला विलक्षण थकवा. 'ॲसिडिटी झाली, सोडा पी' म्हणून घरात चार तास जातात. दक्षिण आशियाई लोकांत पहिला अटॅक इतर समाजांपेक्षा काही वर्षं आधी येतो, हे २००४ च्या ५२ देशांतल्या मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. म्हणून आपल्या बायांना कमरेचा घेर ८० सेमी आणि बीएमआय २३ पासून सावध करायचं. युरोपातली बीएमआयची रेष त्यापेक्षा सैल आहे, ती इथे वापरू नका. अमेरिकेत कृष्णवर्णीय बायांत उच्च रक्तदाब आणि गरोदरपणातला बीपीचा आजार जास्त दिसतो, आपल्याकडे पोटावरची चरबी, मधुमेह आणि कमी एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुढे असतात. वाट वेगवेगळी, धोका तोच. मात्र गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट, हे सगळीकडे सारखं. तो इतिहास कागदावर लिहा.

औषधपेटी_पाचोरा
गोळीबद्दल. शासनाच्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. प्रतिबंधासाठी २० ते ४९ वयाच्या बाईला आठवड्याला एक. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. सौम्य-मध्यम रक्तक्षयावर उपचार म्हणून रोज दोन, हा सरकारी कार्यक्रमातला नियम. किशोरवयीन मुलींची निळी गोळी वेगळी, ती आठवड्याची. दोन्ही एकाच घरात असतात, घोळ होतो.

बाजारातल्या पाकिटावर लोहाचा क्षार किती आणि त्यातलं नुसतं लोह किती हे वेगळं असतं. फेरस सल्फेट सुकं २०० मिग्रॅ म्हणजे लोह सुमारे ६५. फेरस ग्लुकोनेट ३०० म्हणजे लोह जेमतेम ३५. दोन्ही 'एक गोळी'च.

पोटाला सोसत नसेल तर गोळी बंद करायच्या आधी एक दिवसाआड देऊन बघायला डॉक्टरांना विचारा. मोठा डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन (लोहाचं शोषण आवरणारं संप्रेरक) वाढतं आणि पुढचे २४ तास आतडं लोह कमी घेतं. त्यामुळे एक दिवसाआडच्या डोसातलं लोह प्रमाणात जास्त शोषलं जातं. गरोदर आणि ७-८ च्या खालच्या बाईत मात्र रोजचंच.

चहा, दूध, कॅल्शियम, अँटासिड यांच्यासोबत गोळी नको. कॅल्शियम आणि लोहात किमान दोन तास. थायरॉईडची गोळी असेल तर चार तास. रोज पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) घेणाऱ्या बाईत लोह नीट शोषलं जात नाही, कारण लोह विरघळायला आम्ल हवं आणि तेच आपण दाबलेलं. शौच काळी होते हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर आतून रक्त जातंय समजून गोळ्या खिडकीबाहेर जातात. डब्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. गोड आवरणाच्या मूठभर लाल गोळ्या लहान पोराचा जीव घेऊ शकतात.

चार आठवड्यांत हिमोग्लोबिन १ ग्रॅमने तरी वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर डोस वाढवू नका, कारण शोधा. गोळी पोटात जात नाही, चहासोबत जाते, रक्त कुठून तरी जातंय, किंवा मुळात लोहाचा आजारच नाही. १२ झाल्यावर तीन महिने गोळी चालू ठेवायची, तेव्हा कुठे साठा भरतो.

जंतांसाठी अल्बेंडॅझोल ४०० मिग्रॅ एकदा. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत नाही. शेतात अनवाणी काम करणाऱ्या बाईत हुकवर्म पायातून शिरतो, तेव्हा गोळीसोबत चपलेबद्दलही बोला.

तापीकाठची
सर, शिरेतून लोह द्यायचं का? काही गावांत 'एकच सलाईन लावा, रक्त वाढतं' अशी मागणी असते.

फिजिशियन_धुळे
शिबिराच्या मांडवात नाही, ताई. अंगावर पुरळ, बीपी कोसळणं असं काही झालं तर ॲड्रिनलीन, ऑक्सिजन आणि हात तयार हवेत. दवाखान्यात कोणाला? गोळी खरोखरच सोसत नाही, गरोदरपणाचे शेवटचे आठवडे आणि वेळ कमी, किंवा आतड्याचा आजार. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात तोंडाच्या लोहाचा फायदा दिसलेला नाही, शिरेतल्या लोहाचा दिसलाय. तिथे फेरिटिन १०० च्या खाली असलं तरी कमतरता धरतात, कारण सूज असली की फेरिटिन खोटं वाढतं.

हिशेब असा: वजन गुणिले, हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यातला फरक, गुणिले २.४, अधिक ५०० साठ्यासाठी. ४५ किलोची बाई, ७ वरून ११ वर न्यायची, तर ४३२ अधिक ५०० म्हणजे सुमारे ९३० मिग्रॅ. आयर्न सुक्रोज एका वेळी २०० मिग्रॅ, म्हणजे पाच फेऱ्या. कार्बोक्सीमाल्टोज एक-दोनदा पुरतं, पण वजनाची मर्यादा पाळायची आणि पहिल्या तिमाहीत नाही.

आणि रक्त चढवायची वेळ आलीच तर ५ ग्रॅमच्या बाईला एका दमात दोन पिशव्या नकोत. पॅक सेलची (नुसत्या लाल पेशींची) एक पिशवी, तीन ते चार तासांत, छातीत खरखर येते का बघत. एसएस बाईत १० च्या वर नेऊ नका, रक्त घट्ट होऊन उलट अडकतं.

कळण्याची_भाकर
आहाराकडे येते. आपल्याकडची कळण्याची भाकरी, बाजरी, अंबाडी, तांदुळजा, शेंगदाणे, यांत लोह चांगलं आहे. पण त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं. उपाय सोपा. डाळी-कडधान्य भिजवा, मोड आणा. जेवणात लिंबू किंवा कच्ची कैरी किंवा आवळा घ्या. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. हा शेवटचा बदल सर्वात स्वस्त आणि सर्वात अवघड, आपण खान्देशी माणसं चहाला नाही म्हणत नाही. केळी जळगावची असली तरी तिच्यात लोह नगण्य आहे. बीट आणि गूळ यांच्यावर जेवढा भरवसा ठेवतात तेवढं त्यांच्यात नाही. जी बाई मांसाहार करते तिला कलेजी, मटण, सुकी मासळी यांतलं लोह भाकरीपेक्षा कितीतरी चांगलं अंगी लागतं. पावरा-भिल्ल घरांत हे चालतं, तिथे 'पालक खा' म्हणून परत पाठवण्यात अर्थ नाही.

माळकरी, जैन, मारवाडी घरांत बी-१२ तपासायला लावा. तिथे पेशी मोठ्या होतात. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी नॉर्मल येते आणि रिपोर्ट चांगला वाटतो, फक्त आरडीडब्ल्यू वाढलेलं असतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईतही बी-१२ उतरतं. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं, हाताला मुंग्या येत असतील तर आधी बी-१२.

रमजानमध्ये गोळी इफ्तारनंतर थोड्या वेळाने, जेवणातल्या फळासोबत. सहरीला चहासोबत घेतली तर वाया. मीठ, लोणचं, पापड, शेवभाजीचा तवंग आणि ठेचा हे बीपीच्या टेबलावर बोला, रक्ताच्या नाही. मिशरी मात्र सगळ्याच टेबलांवर बोला. ती तंबाखूच आहे, बायका तिला दंतमंजन समजतात, निकोटीन हृदयाला बाधतं.

चोपडा_वाचक
मधुमेहाच्या बाईचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) आणि रक्तक्षय, यात काही गडबड असते का? एकाच बाईचा एवनसी ७.४ आणि उपाशीपोटीची साखर ९८, असे रिपोर्ट पाहण्यात आलेत.

लॅबवाला_दोंडाईचा
असते. लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस फिरतात, एवनसी खोटं वाढतं. सिकलसेल किंवा पेशी फुटण्याचा आजार असला की पेशी लवकर मरतात, एवनसी खोटं कमी येतं. काही यंत्रांत सिकल हिमोग्लोबिनमुळे आकडाच चुकतो. म्हणून पाड्यावरच्या शिबिरात मधुमेह शोधायला एवनसी वापरू नका. उपाशीपोटी साखर किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांची घ्या. दोन तासांनी २०० किंवा जास्त, उपाशी १२६ किंवा जास्त, ही रेष. एवनसीवर विसंबून औषध वाढवलं तर अशा बाईची साखर खाली कोसळते.

सिस्टर_यावल
रक्त जातंय कुठून, हा प्रश्न नीट विचारला जात नाही. 'पाळी नीट येते का' विचारलं की प्रत्येक बाई हो म्हणते. विचारायचं असं: पहिल्या दोन दिवसांत किती वेळा कपडा किंवा पॅड बदलावं लागतं? तास-दोन तासांत भिजतं का? रात्री उठावं लागतं का? मोठ्या गुठळ्या पडतात का? सात दिवसांच्या वर जातं का? यातलं काही हो असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि थायरॉईड. तांबी बसवलेल्या बाईतही रक्तस्राव वाढतो, ती काढून दुसरं साधन देता येतं. गर्भाशय काढायची घाई करू नका. चाळिशीच्या आत अंडाशयंही निघाली तर हृदयाचा धोका लवकर चढतो, हे ऑपरेशनच्या आधी कुणी सांगत नाही.

पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता निघाली तर गोळी देऊन विसरू नका. पोटातून रक्त जातंय का बघायला लावा. गुडघेदुखीसाठी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत बरेचदा वेदनाशामक आणि स्टेरॉइड असतं. जठरात व्रण, अंगाला सूज, बीपी वर, साखर वर. हृदयाच्या ब्लॉकेजसाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती बाईने स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांनी ठरवायची.

तापीकाठची
खूप उपयोगी. मग टेबलांचा क्रम असा लावते: नोंदणी आणि जुनं सिकलसेल कार्ड, पाच मिनिटं बसवून नाडी, श्वास, बीपी, कमरेचा घेर, बोटाचं हिमोग्लोबिन, ११ च्या खाली असतील त्यांचं जांभळी नळी आणि सोल्युबिलिटी, ४० च्या आतल्यांचं सोल्युबिलिटी तरी, मग पडद्यामागे डॉक्टर. एसएस कार्ड असेल तर लाल गोळ्यांच्या टेबलावर पाठवायची नाही. एक अडचण राहतेच. रिपोर्ट येईपर्यंत निम्म्या बाया ऊसतोडीला गेलेल्या असतील.

सातपुडा_स्क्रीनिंग
म्हणून शिबिर निदान तीन आठवडे आधी घ्या, ताई. एचपीएलसीला वेळ लागतो. नळी गोळी सुरू करायच्या आधी काढा. लोह फार कमी असताना एचपीएलसीतलं हिमोग्लोबिन ए-२ (थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारं) खाली येतं आणि थॅलेसेमियाचं वाहकपण लपतं, म्हणून ३.५ टक्क्यांच्या काठावरचे रिपोर्ट लोह भरून आल्यावर पुन्हा करायचे असं त्यावरच लिहा. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नमुनाच घेऊ नका, दुसऱ्याच्या पेशींचा रिपोर्ट येईल.

जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक कागद द्या, शक्यतो गुजरातीतही, कारण तिकडच्या दवाखान्यात तोच वाचला जाणार. त्यावर हिमोग्लोबिन, तारीख, सिकलसेल एए (निर्दोष), एएस की एसएस, चालू गोळी, आणि बीपी. टोळीत एसएस बाई असेल तर मुकादमाला नाही, तिच्या नवऱ्याला किंवा सोबतच्या बाईला सांगा: पाणी सतत, ऊन तापलं की सावली, ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं की त्याच दिवशी दवाखाना. ते फुफ्फुसातलं अडकणं असतं, हृदयाचं समजून वेळ घालवू नये. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचं औषध) चालू असेल आणि दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

गोळ्यांच्या पट्ट्या तीन महिन्यांच्या द्या, कॅलेंडरवर टिक करायला लावा. पुढची हिमोग्लोबिनची फेरी होळीच्या आठवड्यात ठेवा, तेव्हा टोळीतले बरेचजण गावी येतात. ज्यांचं वाढलेलं नसेल त्यांची यादी आशाताईंनी उपकेंद्रात त्याच दिवशी द्यायची.